करंजी, चकली आणि काव्यशास्त्र

साडीच्या दुकानात बसलेल्या कोणत्याही गृहिणीचे बोलणे जरा कान देऊन ऐका. "काठ चांगला आहे हो, पण पदर भरलेला नाही. बुट्टी जरा विरळ हवी होती. आणि पोत पाहा, दोन धुण्यांत जाईल!" तीन वाक्यांत चार पारिभाषिक शब्द! तिचे यजमान तिकडे क्रिकेटचा सामना पाहत 'पायचीत', 'गुगली' आणि 'यॉर्कर' यांवर तज्ज्ञाच्या थाटात मत देत असतात. गाण्याच्या बैठकीत ज्याला एक सूरही लावता येत नाही, तोसुद्धा समेवर मान डोलावून शेजाऱ्याला सांगतो, "काय सम गाठली!" परिभाषेचे भय असे कोणालाच नाही.

मात्र कविता समोर आली की ही सारी मंडळी एकाएकी अबोल होतात. "छान आहे हो," एवढे म्हणून थांबतात. आणि 'छान म्हणजे काय?' असे कोणी विचारले, तर "आम्हाला त्यातले काही कळत नाही बुवा," असे सांगून मोकळी होतात. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आहे, बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे आणि मराठीच्या पदवीधरांच्या तोंडूनही ऐकले आहे. त्यांना कळत नाही, हे मला बिलकूल मान्य नाही. कळलेले सांगायला लागणारे चार शब्द त्यांच्यापाशी नाहीत, एवढेच. आणि हा दोष आम्हा मास्तर मंडळींच्या पदरी घालावा लागेल. 'गण पाडा व वृत्त ओळखा, गुण २' असा प्रश्न आला की मुले अक्षरांच्या डोक्यावर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा मांडतात, उत्तर बरोबर येते आणि दोन गुण मिळतात. या साऱ्या खटाटोपात ती ओळ एकदाही कोणाच्या तोंडून बाहेर पडत नाही.

दिवाळीचे दिवस आहेत. तेव्हा हे शब्द उत्तरपत्रिकेतून काढून थोडा वेळ स्वयंपाकघरात नेऊ या.

आरंभ लघु आणि गुरू यांच्यापासूनच केला पाहिजे, कारण पुढची सगळी इमारत या दोन विटांवर उभी आहे. अ, इ, उ हे ऱ्हस्व स्वर ज्या अक्षरात आहेत ते लघु, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ. पुढे जोडाक्षर आले आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडला, तर ते मागचे अक्षर ऱ्हस्व असूनही गुरू होते. येथपर्यंत सारे शाळेत झालेले असते. पण 'आघात पडला तर' हे शब्द शाळेत कोणी ऐकत नाही, आणि खरी गंमत तेथेच आहे.

'पुण्याला' हा शब्द घ्या. "मी उद्या पुण्याला जातो," असे म्हणा आणि मग "तो पुण्याला मुकला," असे म्हणा. लिहिताना दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. पण पहिल्या वाक्यात 'पु' हलकाच उच्चारला जातो आणि दुसऱ्यात त्याच्यावर जोर पडून 'पुण्‌ण्याला' असे काहीसे ऐकू येते. शहराच्या 'पुण्याला' पाच मात्रा आहेत, सत्कर्माच्या 'पुण्याला' सहा! हा फरक तुम्हाला कोणी शिकवला नव्हता, तरी तुम्ही जन्मात कधी चुकला नाहीत. लघु-गुरू कानाला अगोदरच ठाऊक असतात. परिभाषेने त्यांना नावे दिली आहेत, इतकेच.

तीन-तीन अक्षरांचा एक गट म्हणजे गण. लघु-गुरूंच्या उलटापालटीने असे आठच गट होऊ शकतात. य, म, त, र, ज, भ, न, स ही त्यांची नावे. 'यमाचा, राधिका, ताराप, नमन, भास्कर, जनास, समरा, मानावा' ही यादी ज्यांनी पाठ केली असेल, त्यांना ती झोपेतही म्हणता येते. तिची युक्ती अशी की प्रत्येक शब्द स्वतःच आपल्या गणाचा नमुना असतो. 'यमाचा' हा लघु, गुरू, गुरू, म्हणजे य-गण. तेव्हा पुण्याला जाणारा य-गणात बसतो आणि पुण्याला मुकणारा म-गणात, असे गमतीने म्हणायला हरकत नाही.

आता वृत्त, जाती आणि छंद हे तीन शब्द. हे तिन्ही एकच समजून आपण सरसकट वापरतो, पण बाजारात तीन तऱ्हांनी माल मोजला जातो तसा हा प्रकार आहे. केळी आपण डझनावर घेतो. एखादे लहान, एखादे मोठे, त्याची फिकीर नसते. ओवी आणि अभंग हे छंद असे. त्यांत अक्षरे मोजायची. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, कारण म्हणताना प्रत्येक अक्षर सारखेच लांबवले जाते. बटाटे आपण तराजूत घालतो. नग किती चढले ते पाहत नाही, वजन भरले म्हणजे झाले. दिंडी, आर्या या जाती अशा. दिंडीच्या ओळीत मात्रा एकोणीस भरल्या पाहिजेत, नऊ आणि दहा अशा. अक्षरे कमी-जास्त चालतील. अक्षरगणवृत्ताची गोष्ट मात्र विणकामासारखी आहे. तेथे टाके किती हे तर ठरलेले असतेच, पण कोणता सुलट आणि कोणता उलट हेही ठरलेले असते. एक उलट, दोन सुलट, असे चार वेळा विणत गेले की भुजंगप्रयाताची ओळ होते : लगागा लगागा लगागा लगागा. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, म्हणून हा ठेका मराठी घराच्या भिंतींत मुरलेला आहे. इतका की एखादा गृहस्थ वामकुक्षीनंतर डोळे चोळत,

दुपारी जराशी मला झोप आली

असे सहज बोलून जातो आणि आपण बारा अक्षरांचे निर्दोष भुजंगप्रयात रचले, याचा त्याला पत्ताही नसतो.

ही विणीची दृष्टी मराठीत ज्यांनी पक्की केली, त्यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, हे पेशाने फारसीचे प्राध्यापक. त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ १९२७ मध्ये निघाला, १९३७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली आणि १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना त्यासाठी डी. लिट. दिली. इतका जाडजूड शास्त्रग्रंथ लिहिणाऱ्या माणसानेच मराठीत गझल रुजवली, ही मला नेहमी आनंदाची गोष्ट वाटते. 'हवा होता', 'नवा होता', 'थवा होता' असे शेवट आले, तर त्यांतले 'होता' हे रदीफ आणि 'हवा', 'नवा', 'थवा' हे काफिये. रदीफ बदलत नाही, काफिया दर वेळी नवा लागतो. गझलेच्या मैफलीत दाद कधी द्यायची, हे एवढ्यावरून कळू लागते.

वृत्ताचा आणि अर्थाचा काही संबंध असतो काय? काहींच्या मते वृत्त हे भांडे आहे, त्यात काहीही भरावे. मला हे पटत नाही. ताक आणि वरण एका वाटीत वाढता येते, पण आमटी ताटलीत वाढून पाहा! कालिदासाने 'मेघदूत' मंदाक्रांतेत लिहिले. या वृत्ताच्या ओळीत सतरा अक्षरे. आरंभी चार गुरू, मग एकापाठोपाठ पाच लघु, आणि मग पुन्हा गुरूंची संथ चाल. मी घरगुती नमुना करून दाखवतो :

आजोबांनी उठुन हळु ती काढली जीर्ण पेटी

मोठ्याने म्हणा. 'आजोबांनी' म्हणताना ते खुर्चीचा हात धरून सावकाश उठत आहेत. 'उठुन हळु' येथे पाच पावले जरा भरभर पडतात. 'ती' वर क्षणभर थांबायचे, आणि मग पेटी ओढायची. चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतरचे हे थांबे म्हणजे यती. श्वास घ्यायची ती जागा. तेथे शब्द मधोमध चिरला गेला तर तो यतिभंग. (येथे मी 'उठून' आणि 'हळू' हे ऱ्हस्व केले आहेत. कवींना ही सूट असते, विद्यार्थ्यांना नसते.) विरही यक्षाचा निरोप भुजंगप्रयाताच्या दुडक्या चालीवर पाठवला असता, तर मेघाने तो मनावर घेतला असता की नाही, याची मला शंका आहे.

वृत्तांचे एवढे पुरे. अभंगाकडे वळू. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या शेवटी यमक. तुकोबांची क्षमा मागून :

भाजणी दळून । सोऱ्यात भरली ।
तेलात तरली । चकली ही ॥

मोजून पाहा, हिशेब चोख आहे. आणि तरीही ही कविता नाही, हे तुम्हालाही कळते. अक्षरे जुळली, यमक जुळले, तरी जे उरते ते काव्य. आणि यमक जुळवण्यालाच कविता समजणाऱ्यांनी माझी ही चकली जपून ठेवावी. मात्र चौथ्या चरणात दोन अक्षरे कमी का, याचा विचार करा. तीन चरण आवाज एका चालीने जातो आणि चौथ्यात मजकूर लवकर सरतो. उरलेली जागा टाळाला, विठ्ठलनामाला, समूहाच्या आवाजाला मोकळी राहते. हा कमीपणा मुद्दाम ठेवलेला आहे.

ओवी याहूनही सैल. ग्रंथातल्या ओवीला साधारण साडेतीन चरण. पहिले तीन यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. 'ज्ञानेश्वरी' १२९० मध्ये याच ओवीत झाली. पण ओवी त्याहून जुनी. ११२९ च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. तिच्यात अक्षरे कमी-जास्त होतात, पण जात्याचा फेरा चुकत नाही. तिथे मोजमाप हाताचे असते.

याची साक्ष मला एका विद्यार्थिनीने दिली. तीन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गातली ही मुलगी एक वही घेऊन माझ्याकडे आली. तिची आजी मावळातली, उमेदीची सारी वर्षे जाते ओढलेली. आजीला शंभरावर ओव्या येतात असे घरात सगळे म्हणत, पण लिहून कोणीच ठेवल्या नव्हत्या. आजीने अंथरूण धरले, आठवण विरू लागली, तेव्हा नातीने उशाशी बसून जमेल तेवढे उतरवून घेतले होते. म्हणाली, "सर, यात काहीतरी कमी आहे. पण काय, ते मला सांगता येत नाही."

वहीत ओव्या गद्यासारख्या सलग लिहिलेल्या होत्या. 'गं', 'बाई', 'माझ्या' असले शब्द तिने फालतू समजून गाळले होते. मी तिला टेबलावर हाताने ठेका धरून वाचायला सांगितले. दोन ओव्या कशाबशा पार पडल्या. तिसरीत दुसरी ओळ मध्येच संपली आणि हात हवेत राहिला. मी म्हटले, "तुझ्या ओळीला फेरा पुरत नाही. चरण कुठे संपतो ते आधी पाहा. तू जे गाळलेस, त्यावर जाते फिरत होते." त्या तासाला मी तिला चरण, यती, पालुपद एवढेच समजावले. याहून जास्त मलाही काही सुचले नाही.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. आजीला नुसते विचारले, तर ती "एवढंच होतं गं," म्हणून डोळे मिटून घेई. म्हणून हिने आजीचा उजवा हात आपल्या हातात घेतला, खुंटा धरावा तशी मूठ मिटवली आणि गोधडीवर गोल फिरवू लागली. चार-पाच फेरे नुसतेच गेले. मग गाळलेले शब्द आले, तिसरी ओवी पुरी झाली, आणि हात तसाच फिरत असताना आणखी एक ओवी आली. ती घरात कोणी कधी ऐकली नव्हती. तिच्यात एका लेकीचे नाव होते. आजीची ती थोरली मुलगी लहानपणीच गेली होती, आणि या मुलीच्या वडिलांनासुद्धा तिच्याविषयी काही ठाऊक नव्हते.

त्या वहीत आता बेचाळीस ओव्या आहेत. ओळ जिथे तुटायला हवी तिथेच तुटलेली आहे आणि एकही 'गं' गाळलेला नाही. आजी त्या वर्षीच्या पौषात गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी अनेक वर्षे गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे काम केवढे, याचा अंदाज मला त्या बेचाळीसांवरून आला.

आता अलंकार. यांची संख्या ऐकूनच लोक पळतात. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अवघे चार अलंकार आहेत. पुढे पंडितांनी वाढवत वाढवत अप्पय्य दीक्षितांपर्यंत शंभरावर नेले. पदार्थ थोडे आणि वाट्या फार, अशी ही पंगत आहे. पण अर्थालंकारांचे मोठे घराणे एका साम्यावर उभे आहे, आणि ते समजायला फराळाचे एक ताट पुरे. करंजी चंद्रकोरीसारखी दिसते, असे म्हटले की उपमा. ज्याचे वर्णन करायचे ती करंजी उपमेय, ज्याची उपमा द्यायची ती चंद्रकोर उपमान, आणि 'सारखी' हा साधर्म्य दाखवणारा शब्द. 'करंजी म्हणजे जणू चंद्रकोरच' म्हटले की उत्प्रेक्षा. 'करंजी ही ताटातली चंद्रकोर आहे' येथे 'जणू'ही गळाला, दोन्ही एक झाली, हे रूपक. 'ही करंजी नव्हेच, ही चंद्रकोर!' असे म्हणून मूळ वस्तूच नाकारली तर अपन्हुती. 'चंद्रकोरीपेक्षा करंजी सरस, कारण चंद्रकोरीत सारण नसते' हा व्यतिरेक. ताटाकडे पाहून 'ही करंजी की चंद्रकोर?' असा प्रश्न पडला तर ससंदेह. पण घरातले चिरंजीव खिडकीतून आकाशाकडे बोट दाखवून "मला ती करंजी हवी," म्हणून हटून बसले, तर भ्रांतिमान. आणि 'आईच्या करंजीसारखी आईचीच करंजी' हा अनन्वय. तो सासरी बोलून दाखवू नये, असे काव्यशास्त्रात कोठे लिहिलेले नाही, पण लिहायला हवे होते.

'सारखी'पासून 'नव्हेच'पर्यंत येताना बोलणाऱ्याच्या मनाचा तोल कसा सुटत जातो, ते पाहा. उपमा देणारा माणूस अजून शुद्धीवर असतो; अपन्हुती करणाऱ्याला समोरचे दिसेनासे झालेले असते. कवितेत अलंकार ओळखायचा तो यासाठी. तो कोणता, यापेक्षा कवी इथपर्यंत का आला, हे विचारावे.

शब्दांच्या शक्ती तीन, आणि त्याही आपण दिवसभर वापरतो. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. 'सगळी चाळ जागी झाली' म्हटले, तर विटांना डोळे फुटत नाहीत. चाळ म्हणजे चाळीतली माणसे, ही लक्षणा. तिसरी व्यंजना. "दहा वाजले," हे वाक्य घ्या. आई शाळकरी मुलाला म्हणते तेव्हा अर्थ 'झोप आता'. यजमान जांभई देत पाहुण्याला म्हणतो तेव्हा 'आता निघा'. आणि मुलगी अजून घरी परतली नसताना बाप खिडकीशी उभा राहून तेच दोन शब्द म्हणतो तेव्हा? त्या दोन शब्दांत जे काही भरते, ते कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहून सांगितले, की हा ध्वनी हाच काव्याचा आत्मा. मला विचाराल तर सगळ्या काव्यशास्त्रातला एकच शब्द जवळ ठेवायचा झाला, तर मी हा ठेवीन.

रसांविषयी थोडक्यात. भरतांनी आठ मानले, नववा शांत पुढे आला. 'या कवितेतील रस ओळखा' हा प्रश्न मी स्वतः कधी काढत नाही, कारण आजची कविता सहसा एका रसाच्या बरणीत मावत नाही. पण शोक आणि करुण यांतला भेद अवश्य समजून घ्यावा. शोक आपल्या घरात घडतो, करुण कवितेत. शोकाने माणूस कोसळतो. करुण रसाची कविता तो पुन्हा पुन्हा वाचतो. दुःखाची गोष्ट आवडीने का वाचावी, हे कोडे सोडवण्यासाठीच तर तो शब्द घडला.

"पण सर, आता सगळे मुक्तछंदातच लिहितात, मग हे कशाला?" असे दर वर्षी कोणीतरी विचारते. अनिलांनी, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे यांनी, मुक्तछंदाची वाट पाडली, त्यालाही आता कितीतरी काळ लोटला. मुक्तछंदात गण गेले, यमक गेले, पण यती कोठे गेली? ती ओळीच्या टोकाशी येऊन बसली आहे. कवी ओळ जेथे तोडतो, तेथे तो तुम्हाला श्वास घ्यायला सांगत असतो. आणि वाक्य पुरे होण्याआधीच तोडतो, तेव्हा श्वास रोखायला. मर्ढेकरांनी तर उलटच केले. १९४७ च्या 'काही कविता'त त्यांनी यंत्रयुगातल्या महानगराची घुसमट अभंगाच्या आणि ओवीच्या जुन्या घाटात ओतली. अभंग ज्याच्या कानात आहे, त्याला तेथे टाळांचा ठेका ऐकू येतो आणि शब्द भलतेच काही सांगत असतात. ती ठिणगी त्या दोहोंच्या घर्षणातून उडते. ज्याला अभंग ठाऊक नाही, त्याला नुसते विचित्र शब्द दिसतात आणि तो पान उलटतो.

बहिणाबाई चौधरींना यांतला एकही शब्द ठाऊक नव्हता. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हा त्या हयातही नव्हत्या. त्यांच्या ओळीतून एक अक्षर काढून पाहा, घरोट अडते. कवीला परिभाषेवाचून चालते. आपण वाचणारे आहोत, ऐकलेले दुसऱ्याला सांगायचे म्हटले की आपल्याला शब्द लागतात.

या अंकातही कवितांची पाने असतील, आणि बहुतेक घरांत ती फराळ उरकल्यावर, विनोदी कथा वाचून झाल्यावर उघडली जातील. एखादी कविता मोठ्याने वाचा. घरातल्या कोणालातरी टेबलावर हाताने ठेका धरू द्या, आणि हात कोठे अडला, ते त्याला विचारा.